रेडमाइनमध्ये ग्राहक आणि प्रोजेक्ट यांची सांगड: पहिल्या यादीपासून महिन्याच्या बिलापर्यंत

महिनाअखेर जवळ आली की हिशेब खात्यातून ठरलेला प्रश्न येतो: अमुक पार्टीसाठी या महिन्यात किती तास गेले? छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत याचं उत्तर रेडमाइनमध्ये असतंच, पण एका जागी नसतं. दोन प्रोजेक्टांच्या नावात ग्राहकाचं नाव असतं, तिसऱ्याच्या नावात त्याच्या उत्पादनाचं. चौथा 'वार्षिक देखभाल' म्हणून सगळ्या ग्राहकांचा मिळून एकच असतो. पाचवा कशासाठी उघडला होता हे सांगू शकणारा माणूस गेल्या दिवाळीआधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

रेडमाइन हे प्रोजेक्टांची कामं आणि त्यांवर गेलेला वेळ नोंदवायचं, २००६ पासूनचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्यात प्रोजेक्ट आहे, उपप्रोजेक्ट आहे, इश्यू (म्हणजे एखाद्या कामाची, दोषाची किंवा तक्रारीची नोंद), सदस्य, आवृत्ती, वेळेची नोंद हे सगळं आहे. ग्राहक मात्र नाही. तो आपल्यालाच उभा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो पहिल्या सुचलेल्या जागी, म्हणजे प्रोजेक्टच्या नावात, कोंबला जातो आणि पुढची सगळी ओढाताण तिथून सुरू होते.

माझं मत आधीच सांगतो. ग्राहक ही प्रोजेक्टवरची एक स्वतंत्र नोंद असावी, ती निवडयादीतून भरली जावी आणि तिची ओळख नावाने नव्हे, हिशेबातल्या न बदलणाऱ्या क्रमांकाने ठरावी. शंभर-दीडशे ग्राहकांपर्यंत एवढ्यावर निभतं, प्लगइन (रेडमाइनला वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) लागत नाही.

संगणक उघडण्याआधी: यादी

टॅलीतून किंवा जे वापरता त्यातून ग्राहकांची यादी काढा. ती बघताच पहिला धक्का बसतो. एकच कंपनी तीन लेजरमध्ये असते: एकदा 'प्रा. लि.' लावून, एकदा 'प्रायव्हेट लिमिटेड' असं पूर्ण लिहून, एकदा नुसत्या आद्याक्षरांनी. ही यादी तशीच रेडमाइनमध्ये ओतली तर घोळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाईल, एवढंच.

मग ग्राहकाची ओळख कशावरून ठरवायची? अनेक जण जीएसटी क्रमांकाकडे बोट दाखवतात, कारण तो प्रत्येक बिलावर असतो. पण त्याची रचना बघा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या कंपनीचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी हे सांगतं आणि शेवटचं पडताळणीसाठी असतं. म्हणजे ज्या कंपनीचा एक कारखाना चाकणला आणि दुसरा गोव्यात वेर्ण्याला आहे, तिचे जीएसटी क्रमांक दोन आणि पॅन एक. तुमच्या डेव्हलपरच्या दृष्टीने तो एकच ग्राहक आहे: तोच आयटी मॅनेजर, तेच सॉफ्टवेअर, तीच भांडणं. हिशेब खात्याला मात्र बिलं दोन काढायची असतात.

म्हणून ग्राहकाची ओळख आणि बिलाचा पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ओळखीसाठी स्वतःचा क्रमांक द्या. एक अक्षर आणि चार अंक पुरतात. त्या क्रमांकात शहर, उद्योग, वर्ष असा कुठलाही अर्थ भरू नका. अर्थ भरला की तो कधीतरी चुकीचा ठरतो आणि मग क्रमांक बदलायची मागणी येते. जीएसटी क्रमांक बिलाची माहिती म्हणून शेजारी राहू द्या. दोन लेजर एकाच ग्राहकाची आहेत का अशी शंका आली तर पॅनची दहा अक्षरं जुळवून बघा. नावं जुळवत बसण्यापेक्षा ते फार लवकर होतं.

यादीत एक ओळ हमखास राहते: 'अंतर्गत'. आपली स्वतःची वेबसाइट, सर्व्हरची देखभाल, नव्या मुलांचं प्रशिक्षण, हे प्रोजेक्ट कुठल्याच ग्राहकाचे नसतात. त्यांच्यासाठी आपलीच कंपनी एक ग्राहक म्हणून यादीत घाला. याचा उपयोग पुढे कळेल.

तुमचं नातं कोणत्या प्रकारचं?

एका ग्राहकाचे अनेक प्रोजेक्ट, पण एका प्रोजेक्टचा ग्राहक एकच, असं असेल तर काम सोपं. कंत्राटी काम करणाऱ्या बहुतेक कंपन्या इथेच मोडतात.

एकच उत्पादन पन्नास ग्राहकांना विकलेलं असेल तर प्रोजेक्टला एक ग्राहक नसतोच. तिथे ग्राहक इश्यूवर जातो. त्यासाठी पुढे वेगळा भाग आहे आणि तो लांब आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तिसरा प्रकार मध्यस्थाचा. काम एका मोठ्या सल्लागार कंपनीने दिलेलं असतं, वापरणारा वेगळाच असतो. इथे 'बिल कोणाला' आणि 'काम कोणासाठी' अशी दोन फील्ड, म्हणजे माहिती भरायच्या चौकटी, करा. एकाच फील्डमध्ये दोन्ही बसवायला गेलात की सेल्सवाले एक भरणार आणि सपोर्टवाले दुसरं.

ग्राहकाचं फील्ड तयार करणं

ॲडमिनचे अधिकार हवेत. काम सुरू करण्याआधी डेटाबेसचा आणि जोडलेल्या फाइलींच्या फोल्डरचा, दोन्हींचा बॅकअप घ्या. रेडमाइनमधल्या जोडफाइली डेटाबेसमध्ये नसतात, त्यामुळे नुसता डेटाबेसचा बॅकअप अर्धवट ठरतो.

'ॲडमिनिस्ट्रेशन'मधून 'कस्टम फील्ड्स'मध्ये जा, 'न्यू कस्टम फील्ड' दाबा. कशासाठी हे विचारलं जाईल, तिथे 'प्रोजेक्ट्स' निवडा. घाईत 'इश्यूज' निवडलं जातं आणि ते नंतर बदलता येत नाही, फील्ड नव्याने करावं लागतं.

पुढे 'फॉरमॅट'. इथे दोन सारखे दिसणारे पर्याय आहेत: 'लिस्ट' आणि 'की-व्हॅल्यू लिस्ट'. साध्या लिस्टमध्ये निवडलेलं नाव जसंच्या तसं मजकूर म्हणून साठवलं जातं. पुढे ग्राहकाने नाव बदललं आणि तुम्ही यादीत दुरुस्ती केली, तरी जुन्या प्रोजेक्टांवर जुनंच नाव राहतं. फिल्टर लावला की अर्धेच प्रोजेक्ट सापडतात. की-व्हॅल्यू लिस्टमध्ये नावामागचा क्रमांक साठवला जातो. नाव एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. हा प्रकार ३.२ या आवृत्तीपासून आहे. त्याआधीची आवृत्ती अजून चालवत असाल तर ग्राहकांची सांगड राहू द्या, आधी रेडमाइन अद्ययावत करा.

फील्डचं नाव 'ग्राहक' ठेवा. मग हे पर्याय:

१. 'मल्टिपल व्हॅल्यूज' बंद ठेवा. एका प्रोजेक्टला दोन ग्राहक जोडायचा मोह होईल, पण एकाहून अधिक मूल्यं घेणाऱ्या फील्डवर रेडमाइन क्रमवारी लावत नाही की गट पाडत नाही.

२. 'यूज्ड ॲज अ फिल्टर' चालू करा. ही खूण विसरली तर फील्ड दिसतं पण शोधात उपयोगी पडत नाही.

३. 'रिक्वायर्ड' आत्ता बंदच ठेवा. चालू केलं तर जुन्या प्रोजेक्टचं साधं वर्णन बदलायला गेलेल्या माणसालाही 'ग्राहक भरा' म्हणून अडवलं जाईल, आणि तो यादीतलं पहिलं नाव ठोकून मोकळा होईल. सगळे जुने प्रोजेक्ट भरून झाले की मग चालू करा. 'अंतर्गत' ही ओळ यासाठीच होती: सक्ती लागू झाल्यावर अंतर्गत प्रोजेक्टलाही खरं उत्तर देता यावं.

४. 'डिफॉल्ट व्हॅल्यू' रिकामी. आपोआप भरलेला ग्राहक म्हणजे न तपासलेला ग्राहक.

सेव्ह करा. की-व्हॅल्यू प्रकारात नावं आधी भरता येत नाहीत, फील्ड सेव्ह झाल्यावर पुन्हा उघडून 'पॉसिबल व्हॅल्यूज'शेजारच्या 'एडिट'मधून ती एकेक घालावी लागतात. नाव आणि क्रमांक एकत्र लिहा, क्रमांक शेवटी. माणसं नावाने शोधतात, क्रमांक फक्त खात्रीसाठी बघतात.

हिशेबाशी धागा

आता दुसरं फील्ड, तेही प्रोजेक्टवरच: 'ग्राहक क्रमांक', फॉरमॅट 'टेक्स्ट'. इथे 'रेग्युलर एक्स्प्रेशन'ची चौकट आहे. तिच्यात एक अक्षर आणि चार अंक एवढंच चालेल असा नमुना द्या, म्हणजे कोणी फोन नंबर किंवा 'नंतर सांगतो' असलं काही लिहू शकणार नाही.

त्याच पानावर 'लिंक व्हॅल्यूज टू यूआरएल' असा पर्याय दिसेल. तुमची ग्राहकांची नोंदवही ब्राउझरमध्ये उघडत असेल तर तिच्या ग्राहक-पानाचा पत्ता इथे द्या आणि पत्त्यात जिथे क्रमांक येतो तिथे टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'व्हॅल्यू' हा इंग्रजी शब्द लिहा. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तो क्रमांक दुवा बनून येतो. दाबला की थेट त्या ग्राहकाची नोंद. करार, पत्ता, संपर्काची माणसं, थकबाकी यातलं काहीही रेडमाइनमध्ये उतरवून ठेवायची गरज उरत नाही.

आणि ते उतरवूही नये. ग्राहकाच्या माणसांचे मोबाइल नंबर प्रोजेक्टच्या वर्णनात लिहायची सवय सगळीकडे आहे. नंबर बदलतो, माणूस बदलतो, वर्णन तसंच राहतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर 'आमच्याकडे तुमची माहिती कुठे-कुठे आहे' या प्रश्नाला उत्तर देता यायला हवं. चाळीस प्रोजेक्टांच्या वर्णनांत विखुरलेले नंबर असले की ते देता येत नाही.

जीएसटी क्रमांकासाठी तिसरं फील्ड हवंच असेल तर किमान आणि कमाल लांबी दोन्ही १५ द्या. चाकण आणि वेर्ण्याच्या कारखान्यांचे प्रोजेक्ट वेगळे असतील तर ग्राहक एकच राहील आणि हे फील्ड मात्र वेगळं असेल. हिशेब खात्याला नेमकं तेच हवं असतं.

ग्राहकाला पालक प्रोजेक्ट करावं का?

रेडमाइनमध्ये उपप्रोजेक्ट कितीही खोलवर करता येतात. त्यामुळे ग्राहकाच्या नावाचा एक पालक प्रोजेक्ट आणि त्याखाली त्याची कामं, ही रचना आकर्षक वाटते. तिचे फायदे खरे आहेत. पालकाच्या इश्यू-यादीत मुलांचेही इश्यू दिसतात, वेळेची बेरीज वरपर्यंत जाते, आणि 'इनहेरिट मेंबर्स' चालू केलं की सदस्य एकदाच नेमावे लागतात.

तरी प्रत्येक ग्राहकासाठी हे करू नका. ज्याची स्वतःची माणसं लॉगिन करतात आणि ज्याची तीन-चार कामं एकाच वेळी चालू आहेत, त्याच्यासाठी करा. बाकीच्यांसाठी एका मुलाचा एकेक पालक तयार होतो आणि प्रोजेक्टांची यादी विनाकारण दुप्पट लांब होते.

पालक केला तरी ग्राहकाचं फील्ड प्रत्येक उपप्रोजेक्टवर भरावंच लागतं. कस्टम फील्डची मूल्यं पालकाकडून मुलाकडे आपोआप उतरत नाहीत. वर भरलं म्हणून खाली आहे असं समजू नका.

'आयडेंटिफायर' भरताना थांबा. प्रोजेक्टच्या पत्त्यात दिसणारा हा छोटा शब्द एकदा सेव्ह झाला की बदलता येत नाही. त्यात ग्राहकाचं नाव घालू नका, कामाचं नाव किंवा क्रमांक घाला. कंपन्या विकल्या जातात, नावं बदलतात, आणि नव्या मालकाला दर मेलमधल्या दुव्यात जुन्या कंपनीचं नाव वाचावं लागतं. प्रोजेक्टचं दिसणारं नाव मात्र कधीही बदलता येतं.

एक उत्पादन, अनेक ग्राहक

समजा तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर पन्नास दुकानदार वापरतात. उत्पादनाचा प्रोजेक्ट एक. तिथे 'इश्यूज'साठी 'ग्राहक' असं कस्टम फील्ड करता येतं. ते करताना खाली ट्रॅकर (म्हणजे इश्यूचा प्रकार) आणि प्रोजेक्ट दोन्हींवर खुणा कराव्या लागतात. यातली एक राहिली की फील्ड कुठेच दिसत नाही आणि अर्धा दिवस 'रेडमाइन बिघडलं' यात जातो.

आता खरी अडचण. एकच दोष सात ग्राहकांनी कळवला. फील्डमध्ये अनेक मूल्यं चालू केली तर सात नावं एका इश्यूवर बसतात, पण ग्राहकानुसार गट पाडता येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कोणत्याही ग्राहकाला तो इश्यू दाखवता येत नाही, कारण त्यावर बाकीच्या सहा जणांची नावं असतात. आणि प्रत्येकाचा पाठपुरावा वेगळा: एकाला सुधारणा पोचली, दुसरा जुन्याच आवृत्तीवर, तिसऱ्याने फोनच उचलला नाही. हे सगळं एका इश्यूच्या शेऱ्यांमध्ये लिहिलं की आठवड्याभरात कोणाला काय कळवलं हे कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या मते इथे दोन थर करावेत. उत्पादनाच्या प्रोजेक्टमध्ये मूळ दोषाचा एकच इश्यू ठेवा, त्यावर ग्राहकाचं नाव नको. प्रत्येक ग्राहकाचा, किंवा छोट्या ग्राहकांच्या गटाचा, सपोर्टचा वेगळा प्रोजेक्ट असू द्या आणि त्याची तक्रार तिथे वेगळं तिकीट, म्हणजे वेगळा इश्यू, म्हणून नोंदवा. मग ही तिकिटं मूळ इश्यूला जोडा. त्यासाठी 'ॲडमिनिस्ट्रेशन', 'सेटिंग्ज', 'इश्यू ट्रॅकिंग' इथे वेगवेगळ्या प्रोजेक्टांतल्या इश्यूंमध्ये नातं जोडायची परवानगी चालू करावी लागते.

नातं कोणतं निवडायचं, यावर खूप अवलंबून आहे. बहुतेकांना 'डुप्लिकेट' सुचतं. पण मूळ इश्यू बंद झाला की त्याची डुप्लिकेट तिकिटं रेडमाइन आपोआप बंद करू शकतं. डेव्हलपरने कोड जोडला, मूळ इश्यू बंद केला, आणि ग्राहकाला 'तुमची तक्रार मिटली' असा मेल गेला. त्याच्या दुकानात मात्र अजून जुनीच आवृत्ती चालू आहे. पुढचा फोन कसा येतो ते सांगायला नको.

त्याऐवजी 'ब्लॉक्ड बाय' निवडा. मूळ इश्यू उघडा असेपर्यंत ग्राहकाचं तिकीट बंद होऊ शकत नाही. मूळ बंद झाला की ते मोकळं होतं, पण आपोआप बंद होत नाही. सपोर्टचा माणूस नवी आवृत्ती बसवतो, ग्राहकाकडून खात्री करून घेतो आणि मगच तिकीट बंद करतो. ग्राहकाला मूळ इश्यूच्या प्रोजेक्टमध्ये प्रवेश नसेल तर त्याला त्यातलं काही दिसतही नाही. एका दोषाने किती ग्राहक अडलेत हे बघायचं तर मूळ इश्यूखालची नात्यांची यादी मोजायची. आधी काय दुरुस्त करायचं यावर बैठकीत वाद झाला की ही यादी फार कामाला येते.

छोट्या चमूला हे जड वाटेल. ग्राहक लॉगिन करत नसतील आणि तिकिटं तुमचीच माणसं नोंदवत असतील तर इश्यूवरचं साधं फील्ड चालवून घ्या, पण एका तिकिटावर एकच ग्राहक हा नियम मोडू नका.

जुने प्रोजेक्ट भरणं

तीस-चाळीस प्रोजेक्ट असतील तर हाताने भरा. दोघांनी बसायचं: एक प्रोजेक्ट उघडणार, दुसरा हिशेबाची यादी समोर धरून ग्राहक सांगणार. दुपारभरात होतं आणि बोलता बोलता तीन बेवारशी प्रोजेक्टही सापडतात.

शेकड्यांनी असतील तर रेस्ट एपीआय वापरा, म्हणजे स्क्रिप्टमधून रेडमाइनमधली माहिती वाचायची-भरायची सोय. 'सेटिंग्ज'मधल्या 'एपीआय' टॅबवर ती सेवा चालू करायची, आपल्या खात्याच्या पानावरून चावी घ्यायची. प्रोजेक्टांची यादी मागवली की एका वेळी २५ येतात. मर्यादा वाढवली तरी १०० च्या पुढे जात नाही, म्हणून पानं उलटत सगळी यादी घ्यावी लागते. हे न कळल्याने अनेक स्क्रिप्ट पहिले २५ प्रोजेक्ट भरून 'झालं' म्हणून थांबतात. ग्राहकाची नोंद पाठवताना नाव नाही, त्या नावामागचा अंतर्गत क्रमांक पाठवायचा असतो. आधी एका निकामी प्रोजेक्टवर चालवून बघा, पान उघडून डोळ्यांनी तपासा, मग बाकीचे. काम झालं की ॲडमिनची ती चावी बदलून टाका. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ती तशीच राहते आणि फाइल कोणाकोणाकडे जाते याचा पत्ता नसतो.

कोणाला काय दिसतं

हा भाग घाईत वाचू नका. ग्राहकांची नावं प्रोजेक्टांवर चढली म्हणजे तुमचे ग्राहक कोण, ही माहिती आता सॉफ्टवेअरमध्ये उघड बसली आहे.

पहिली तपासणी 'पब्लिक' या खुणेची. प्रोजेक्टवर ती असेल तर सदस्य नसलेल्या लॉगिनधारकालाही प्रोजेक्ट दिसतो. त्यात तुमच्या दुसऱ्या ग्राहकाचे लॉगिनधारकही आले. 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' बंद असेल तर लॉगिन न करणाऱ्यालाही दिसतो. नवा प्रोजेक्ट आपोआप पब्लिक व्हावा की नाही हे 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रोजेक्ट्स'खाली ठरतं. ते बंद करा आणि जुन्या सगळ्या प्रोजेक्टांवरची खूणही काढा.

दुसरी तपासणी रोलची, म्हणजे सदस्याला काय बघता-करता येईल हे ठरवणाऱ्या भूमिकेची. ग्राहकासाठी वेगळा रोल करा. त्यात 'यूजर्स व्हिजिबिलिटी' ही फक्त दिसणाऱ्या प्रोजेक्टांच्या सदस्यांपुरती ठेवा, नाहीतर एका ग्राहकाला दुसऱ्याच्या माणसांची नावं दिसतील. हेच 'नॉन मेंबर' या रोललाही लावा. 'प्रायव्हेट नोट्स' बघायची परवानगी ग्राहकाच्या रोलला नको. तुमची माणसं आपसात मोकळेपणाने लिहितात ती तिथेच. काम ठरलेल्या रकमेचं असेल तर 'स्पेंट टाइम' बघायची परवानगीही काढा, म्हणजे 'एवढ्याशा कामाला इतके तास?' हा संवाद टळतो.

तिसरी गोष्ट कस्टम फील्डची. प्रोजेक्टची फील्ड पहिल्याच पानावर झळकतात. ग्राहकाला स्वतःचं नाव दिसलं तर बिघडत नाही, पण 'काम कोणासाठी' आणि 'बिल कोणाला' अशी दोन फील्ड असतील तर मध्यस्थाचं नाव अंतिम ग्राहकासमोर येईल. त्या फील्डची 'व्हिजिबल' मर्यादित करा. आणि कराराचा दर प्रोजेक्टवर मुळीच नको.

शेवटी ग्राहकाच्या रोलचं एक खोटं खातं उघडा, वेगळ्या ब्राउझरमधून लॉगिन करा आणि सगळीकडे फिरून बघा: प्रोजेक्टांची यादी, शोध, एखाद्याच्या नावावर क्लिक, मेलने येणाऱ्या सूचना. ॲडमिनच्या खात्यातून ही तपासणी होत नाही, कारण ॲडमिनला सगळंच दिसतं.

बिलासाठी तास काढणं

सगळ्या प्रोजेक्टांच्या पातळीवर 'स्पेंट टाइम' उघडा. फिल्टरमध्ये प्रोजेक्टच्या गटात 'ग्राहक' आता दिसेल. तारखेचा फिल्टर 'लास्ट मंथ' ठेवा, 'ऑप्शन्स'मधून ग्राहक आणि ग्राहक क्रमांक हे रकाने जोडा आणि ही मांडणी नाव देऊन सेव्ह करा, हिशेब खात्यालाही दिसेल अशी. सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढून पिव्होट टेबल लावलं की ग्राहकवार बेरीज तयार. सीएसव्ही काढताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतील.

सपोर्टसाठी अशीच एक मांडणी इश्यूंची: ग्राहक अमुक, स्थिती उघडी. ग्राहकाचा फोन आला की ती उघडून बोलता येतं.

प्लगइन केव्हा?

संपर्काची माणसं, त्यांच्या भेटी, कोटेशन हे सगळं रेडमाइनमध्येच हवं असेल, किंवा ग्राहकांची यादी ॲडमिनशिवाय इतरांनाही वाढवता यायला हवी असेल, तर कस्टम फील्ड अपुरं पडतं. कारण निवडयादीत नवं नाव फक्त ॲडमिन घालू शकतो. रेडमाइनयूपी या कंपनीचं सीआरएम (ग्राहकांशी व्यवहार सांभाळायचं) प्लगइन अशा कामासाठी आहे. घेण्याआधी ते तुमच्या आवृत्तीवर चालतं का हे बघा. पुढच्या प्रत्येक अद्ययावतीकरणात आधी प्लगइनची वाट बघावी लागेल हेही धरून चला. ग्राहक क्रमांकाचं फील्ड तेव्हाही ठेवा. प्लगइन सोडायची वेळ आली तर तोच धागा हातात उरतो.

ग्राहक बदलतो तेव्हा

नुसतं नाव बदललं, कंपनी तीच: यादीतलं नाव बदला, काम संपलं.

कंपनी दुसरीने घेतली आणि बिलं नव्या पॅनवर जाणार: जुनं नाव बदलू नका. बदललंत तर मागच्या वर्षीचे तासही नव्या कंपनीच्या नावावर दिसू लागतील आणि जुन्या बिलांशी मेळ बसणार नाही. यादीत नवा ग्राहक घाला, नवा प्रोजेक्ट उघडा, राहिलेले उघडे इश्यू तिकडे हलवा. इश्यू हलवला की त्यावर आधी नोंदवलेले तासही त्याच्याबरोबर जातात. म्हणून ज्या इश्यूवर जुन्या कंपनीला बिल गेलं आहे तो जागीच बंद करा आणि उरलेल्या कामाचा नवा इश्यू उघडा.

एकच ग्राहक यादीत दोनदा आला: नको असलेलं नाव काढताना त्यावरच्या नोंदी कोणत्या नावावर वळवायच्या हे रेडमाइन विचारतं. बरोबर नाव निवडा. दोन्हींचे ग्राहक क्रमांक वेगळे भरले असतील तर ते मात्र हाताने सारखे करावे लागतील.

करार संपला: प्रोजेक्ट डिलीट करू नका, त्यासोबत त्याचे सगळे इश्यू आणि उपप्रोजेक्टही जातात. 'क्लोज' करा. तो वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. 'अर्काइव्ह' केलात तर तो सदस्यांच्या नजरेआड होतो, आणि वर्षभराने ग्राहक परत आला की सपोर्टला जुना इतिहास सापडत नाही. त्या ग्राहकाच्या माणसांची खाती 'लॉक' करा, यादीतलं त्याचं नाव निष्क्रिय करा, आणि पुढच्या बिलाच्या दिवशी 'ग्राहक: रिकामा' असा फिल्टर लावून एखादा नवा प्रोजेक्ट नजरेतून सुटला नाही ना, हे बघून घ्या.